शिष्यवृत्ती मिळाली, पण ती टिकेल का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संगणकशास्त्राच्या प्रवेशासंबंधी आपल्या दैनिकात गेल्या काही आठवड्यांत प्रसिद्ध झालेली वाचकांची पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. त्यांत दोन पक्ष स्पष्ट दिसतात. पहिल्याचे म्हणणे असे की, नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळत असेल तर कर्ज काढूनही तो घ्यावा, कारण ते नाव जन्मभर पुरते. दुसऱ्याचे म्हणणे असे की, जिथे शिष्यवृत्ती मिळते तिथेच जावे, कारण प्रोग्राम चालवताना संगणक कोणाला महाविद्यालयाचे नाव विचारत नाही. दोन्ही बाजूंनी कळकळीने लिहिले आहे. मात्र शिष्यवृत्ती म्हणजे हातात पडलेली, कायमची ठरलेली रक्कम, असे दोघांनीही गृहीत धरले आहे, आणि माझी हरकत त्या गृहीतकाला आहे. मी २२ वर्षे संगणकशास्त्र शिकवले, त्यांतली काही वर्षे शिष्यवृत्त्यांच्या छाननी समितीवर काढली, आणि पहिल्या वर्षी समारंभपूर्वक दिलेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दोन ओळींच्या पत्राने बंद झालेली अनेकदा पाहिली आहे.

शिष्यवृत्ती हा शब्दच आपल्याला भुरळ घालतो. त्यात सन्मान आहे, कौतुक आहे, घरच्यांनी चार माणसांना सांगावे असे काहीतरी आहे. व्यवहारात मात्र गुणवत्तेवर दिली जाणारी शिष्यवृत्ती पुष्कळदा महाविद्यालयाने देऊ केलेली शुल्कातली सवलत असते. चांगल्या गुणांचे विद्यार्थी आपल्याकडे वळावेत, त्यामुळे आपल्या प्रवेशाची सरासरी वाढावी आणि पुढे क्रमवारीत चार पायऱ्या वर चढता याव्यात, हा तिच्यामागचा हेतू असतो. यात गैर काही नाही, पण सवलत देणाऱ्याने अटी स्वतःच्या सोयीने लिहिलेल्या असणार हे आपण ओळखून असले पाहिजे. आर्थिक गरज पाहून दिलेली मदत वेगळी. तिच्यातही दरवर्षी कागदपत्रे द्यावी लागतात, उत्पन्न वाढले तर ती कमी होते, पण एका अवघड विषयात गुण घसरले म्हणून ती सहसा लगेच हातची जात नाही. ही दोन्ही साहाय्ये एकाच नावाने ओळखली जातात, आणि घरातला हिशेब तिथेच चुकायला सुरुवात होते.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे आहे. तिथे राज्य परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना अ‍ॅडम्स शिष्यवृत्ती मिळते आणि राज्यातल्या सार्वजनिक महाविद्यालयांत शिकवणी शुल्क माफ होते. ऐकायला हे फार मोठे वाटते. पण ही शिष्यवृत्ती सुरू झाली त्या काळी तिथल्या सार्वजनिक महाविद्यालयांत शिकवणी शुल्क हा एकूण आकारणीचा लहान भाग होता. खरा बोजा ‘इतर शुल्क’ या नावाखाली होता आणि तो माफ होत नव्हता. सारा कोहोड्स आणि जोशुआ गुडमन या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिष्यवृत्तीची गुणमर्यादा जेमतेम ओलांडलेल्या आणि ती जेमतेम हुकलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. ती मिळालेल्यांपैकी अनेकांनी, अन्यथा ज्या अधिक दर्जेदार महाविद्यालयात ते गेले असते ते सोडून, तुलनेने कमकुवत महाविद्यालय स्वीकारले, आणि त्यांच्यात पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण घटले. एवढ्याशा रकमेसाठी हुशार मुले एवढा मोठा फरक सोडायला तयार झाली, याचे कारण मला तरी एकच दिसते: ‘तुला शिष्यवृत्ती मिळाली’ हे वाक्य आणि ‘तुझ्या खर्चातले इतके पैसे वाचतील’ हे वाक्य, या दोहोंतला फरक त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता.

दुसरा प्रश्न टिकण्याचा, आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो इतरांहून जास्त बोचतो. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याने १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘होप’ शिष्यवृत्तीत गुणांची सरासरी ४ पैकी ३ च्या खाली जाऊ न देण्याची अट होती. ख्रिस्तोफर कॉर्नवेल, क्युंग ही ली आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, या अटीमुळे जॉर्जिया विद्यापीठातले राज्यातले नवे विद्यार्थी सत्रात पूर्ण विषय घेईनासे झाले, मध्येच विषय सोडून देऊ लागले आणि काही विषय उन्हाळी सत्रात ढकलू लागले. पुढे २०१५ मध्ये डेव्हिड शोक्विस्ट आणि जॉन विंटर्स यांनी अशा राज्यस्तरीय गुणवत्ता शिष्यवृत्त्यांचा एकत्रित विचार केला, तेव्हा त्यांच्यामुळे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांतल्या पदव्यांचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. म्हणजे हुशार मुलांना मदत करायला निघालेली योजना त्यांना अवघड विषयांपासून दूर सारत होती. मुलांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही. अट जशी लिहिली होती, तसे ती शहाणपणाने वागली.

हे मी वर्गात जवळून पाहिले आहे. एक विद्यार्थी (त्याची ओळख पटेल असे काही लिहिणार नाही) पहिल्या वर्षी इतक्या ओढीने शिकत असे की प्रात्यक्षिकाची वेळ संपली तरी तो संगणकापुढून उठत नसे. त्याची शिष्यवृत्ती प्रत्येक सत्रातल्या गुणांच्या सरासरीवर अवलंबून होती. ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली तेव्हा तो माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, “मॅडम, कोणत्या विषयात गुण सुरक्षित आहेत?” कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, संगणकजाल हे विषय त्याला मनापासून हवे होते, पण त्यांत रात्ररात्र जागून एक मोठा प्रकल्प करावा लागतो आणि एवढे करून शेवटी तो चालेलच याची खात्री नसते. त्याने ते घेतले नाहीत. शिष्यवृत्ती शेवटपर्यंत टिकली, गुणपत्रिका सुंदर दिसत होती. पदवीनंतर काही वर्षांनी भेटला तेव्हा तो तेच विषय नोकरी सांभाळून रात्री शिकत होता. त्याने माझ्याकडे तक्रार केली नाही, पण त्या वेळी त्याच्या अटीचा कागद मी स्वतः वाचून पाहायला हवा होता, ही रुखरुख मला अजून आहे.

संगणकशास्त्रात हे का होते ते पालकांनी समजून घेतले पाहिजे. या शाखेत गुण समान उताराने वाढत नाहीत. अल्गोरिदमच्या किंवा संगणनाच्या सिद्धान्ताच्या पेपरात बारावीपर्यंत सदैव अव्वल राहिलेली मुलेही पहिल्यांदा गडगडतात. ते त्या विषयाच्या स्वभावातच आहे, कारण तिथे पाठांतर चालत नाही आणि सिद्धता अर्धवट सुचली तर तिचे अर्धे मोलही राहत नाही. एखाद्या सत्रात अशी घसरण आली तर काय होईल, हे शिष्यवृत्तीच्या पत्रात लिहिलेले असते, पण ते मागच्या पानावर. सरासरी प्रत्येक सत्राची पाहतात की वर्षाची, एकदा घसरल्यास सावरायला एक सत्र मिळते का, गेलेली शिष्यवृत्ती पुन्हा मिळू शकते का, विषय बदलला किंवा एखादे सत्र आजारपणात गेले तर ती राहते का, अभ्यासक्रम लांबला तर पाचव्या वर्षाचे काय, रक्कम ठरावीक आहे की शुल्कवाढीबरोबर वाढते, हे सगळे प्रवेश घेण्यापूर्वी लेखी विचारावे. तोंडी उत्तर मिळाले तर ते मिळाले नाही असे समजावे.

इथे मला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा जनक लिनस टोरवाल्ड्स याची आठवण येते, जरी त्याचे नाव हल्ली कोणत्याही वादात कोणत्याही बाजूने घेतले जाते. तो हेलसिंकी विद्यापीठात १९८८ मध्ये दाखल झाला आणि पदव्युत्तर पदवी घेऊन १९९६ मध्ये बाहेर पडला. मध्ये लष्करी सेवेचे जवळजवळ एक वर्ष गेले. १९९० च्या शरद ऋतूत त्याने तिथे युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका वर्गात नाव घातले, त्यासाठी विद्यापीठाने नवे यंत्र आणले होते, आणि पुढच्याच वर्षी लिनक्सचा पहिला मसुदा जगापुढे आला. ‘नाव महत्त्वाचे नाही’ असे म्हणणारे या गोष्टीकडे बोट दाखवतात. मला तिच्यात दोन वेगळ्याच गोष्टी दिसतात. हवा तो वर्ग आणि हवे ते यंत्र त्याला हव्या त्या वेळी मिळाले. आणि शिकवणी शुल्क नसल्यामुळे दर सत्रात अमुक इतके विषय अमुक सरासरीने उत्तीर्ण झाले पाहिजेत असा तगादा त्याच्यामागे नव्हता. आजच्या कित्येक शिष्यवृत्त्यांच्या अटींखाली तो असता, तर दुसऱ्या वर्षीच अपात्र ठरला असता.

खर्चाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे कष्ट आहेत, गूढ नाही. जाहिरातीतले शुल्क आणि प्रत्यक्ष खिशातून जाणारा पैसा यांत मोठे अंतर असते, हे मान्य करूनच अमेरिकेने २००८ च्या कायद्यान्वये, सरकारी साहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयांना २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्च काढून देणारे साधन ठेवणे बंधनकारक केले. तरीही तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या अखेरीस विद्यार्थ्यांना पाठवल्या जाणाऱ्या साहाय्यपत्रांची पाहणी केली, तेव्हा अंदाजे ९१ टक्के महाविद्यालये निव्वळ खर्च सांगतच नव्हती किंवा तो प्रत्यक्षाहून कमी दाखवत होती. कर्ज हेही ‘साहाय्य’ या मथळ्याखाली बेरजेत धरलेले आढळते, आणि बेरीज पाहून घरात पेढे वाटण्याची तयारी होते. बाहेरच्या एखाद्या संस्थेची शिष्यवृत्ती मिळवली तर महाविद्यालय आपली मदत तेवढीच कमी करते, हाही प्रकार इतका रूढ होता की मेरीलँड राज्याला २०१७ मध्ये सार्वजनिक महाविद्यालयांपुरता त्यावर कायद्याने लगाम घालावा लागला. तेव्हा आपल्या महाविद्यालयात हा नियम काय आहे, हेही विचारण्याच्या यादीत धरावे.

माझ्या भाच्याच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही घरात एकच साधी गोष्ट केली. दोन्ही महाविद्यालयांचा संपूर्ण पदवीचा खर्च, राहण्या-जेवण्यासकट, दरवर्षीच्या शुल्कवाढीचा अंदाज धरून लिहून काढला. ज्या महाविद्यालयाने शिष्यवृत्ती देऊ केली होती, त्याचा खर्च दोनदा मांडला: एकदा ती शेवटपर्यंत राहील असे धरून आणि एकदा ती दुसऱ्या वर्षानंतर जाईल असे धरून. पहिल्या मांडणीत ते महाविद्यालय फार स्वस्त होते. दुसऱ्या मांडणीत दोहोंतला फरक इतका आक्रसला की माझ्या मेव्हण्यांनी बेरीज पुन्हा करायला लावली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण सगळेच म्हणतो. इथे अंथरूण पहिल्या वर्षाचे मोजले जाते आणि पाय मात्र चार वर्षे पसरायचे असतात.

आता नावाविषयी. हे नाव येते कुठून, ते आधी पाहू. क्यूएस या जागतिक क्रमवारीत दीर्घकाळ ४० टक्के गुण प्राध्यापकांच्या मतचाचणीला होते. २०२४ च्या आवृत्तीपासून ते ३० टक्क्यांवर आले आणि नोकरी देणाऱ्यांच्या मताचे १० वरून १५ टक्के झाले. म्हणजे बदलानंतरही जवळजवळ निम्मे गुण ‘लोकांना काय वाटते’ याचे आहेत. उरलेल्या आकड्यांवर किती विसंबावे हे कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणाने दाखवले. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ मध्ये आपल्याच विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेल्या माहितीवर जाहीर आक्षेप घेतले, विद्यापीठाने काही माहिती चुकीची असल्याचे मान्य केले, आणि ‘यूएस न्यूज’ या अमेरिकी प्रकाशनाच्या क्रमवारीत ते दुसऱ्या स्थानावरून अठराव्या स्थानावर आले. त्या एका वर्षात तिथल्या वर्गांत, ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत तसे काहीच बदललेले नव्हते. दुसऱ्या स्थानासाठी ज्यांनी कर्ज काढले असेल त्यांनी नेमके काय विकत घेतले, हा प्रश्न मला अनेक दिवस सतावत होता.

शिवाय विद्यापीठाचे नाव आणि संगणकशास्त्र विभागाचा वकूब या निरनिराळ्या गोष्टी आहेत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे प्राध्यापक एमरी बर्गर यांनी मतचाचणीला कंटाळून ‘सीएसरँकिंग्ज’ ही क्रमवारी काढली, जी मान्यवर परिषदांतल्या शोधनिबंधांवरून विभागांची प्रतवारी लावते. ती पाहिली की सर्वसाधारण यादीत खाली असलेली काही सार्वजनिक विद्यापीठे या विषयात पुष्कळ वर असल्याचे ध्यानात येते. पण तीही संशोधन मोजते; पहिल्या वर्षाच्या मुलाला पॉइंटर (स्मृतीतल्या जागेचा पत्ता धरून ठेवणारी, नवशिक्यांना अवघड जाणारी कल्पना) कोण आणि कसा समजावतो, हे तिला कळत नाही. ते कळण्याचा उपाय जुनाच आहे: तिसऱ्या वर्षाला असलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून विचारणे. प्राथमिक वर्गात किती मुले असतात, शंका विचारायला कोण भेटते, हवे ते ऐच्छिक विषय नोंदणीच्या वेळी प्रत्यक्षात मिळतात की फक्त माहितीपुस्तकात छापलेले असतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संगणकशास्त्र शाखा प्रवेशाच्या वेळीच पक्की होते की पहिल्या वर्षाच्या गुणांवर पुन्हा चाळणी लागते. मागणी फार वाढलेल्या अनेक विद्यापीठांत अशी दुसरी चाळणी असते. ती पार करता आली नाही तर मोठे नाव मिळते आणि विषय जातो.

नावाचा पैशात फायदा होतो का, याचे उत्तर ज्यांना हो किंवा नाही एवढेच हवे आहे त्यांची निराशा होईल. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास या विषयातला मैलाचा दगड मानला जातो. त्यांनी १९७६ मध्ये महाविद्यालयात गेलेल्या मुलांपैकी अशा मुलांची तुलना केली, ज्यांना सारख्याच तोडीच्या महाविद्यालयांनी प्रवेश देऊ केला किंवा नाकारला होता, पण ज्यांनी वेगवेगळी निवड केली. पुढे त्यांच्या कमाईत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे कमाई वाढवणारी गोष्ट बरीचशी त्या मुलांतच होती. याला एक अपवाद निघाला, आणि तो फार महत्त्वाचा आहे: कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या मुलांना मोठ्या नावाचा लाभ झाला होता. पुढच्या अभ्यासात, ज्यांचे आईवडील कमी शिकलेले होते त्यांच्या बाबतीतही तेच दिसले. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अत्यंत निवडक बारा विद्यापीठांचा विचार केला, तेव्हा तिथे शिकल्याने सरासरी उत्पन्नात फारसा फरक पडत नसला तरी अगदी वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट आणि प्रतिष्ठित संस्थांत काम मिळण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, असे त्यांना आढळले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. नाव बहुतेकांची मिळकत वाढवत नाही. ते काही थोड्यांसाठी एरवी बंद असलेली दारे उघडते, आणि ज्यांच्या घरात त्या दारांची किल्ली कधीच नव्हती, त्यांना त्याचा उपयोग अधिक होतो.

म्हणून ‘नाव म्हणजे पोकळ दिमाख’ असे मी लिहिणार नाही. विशेषतः ज्या घरातले पहिलेच मूल महाविद्यालयात जात आहे आणि ज्याला नामांकित संस्थेने आर्थिक गरजेवर भरघोस मदत देऊ केली आहे, त्याने दुसरीकडच्या लहानशा गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या कौतुकात अडकू नये. अशी घरे बहुतेकदा जाहीर शुल्काचा आकडा पाहूनच अर्ज करत नाहीत, हे मला फार खटकते. उलट ज्या घरात पैसा, ओळखी आणि सल्ला देणारी माणसे आधीच आहेत, तेच घर नावासाठी सर्वांत जास्त कर्ज काढायला तयार असते, आणि त्या मुलाला त्या नावाची गरज सर्वांत कमी असते. हा माझा अनुभवही आहे, आणि वरचे अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतात.

संगणकशास्त्राची स्थिती आणखी एका बाबतीत वेगळी आहे. ज्ञानाची कोठारे या विषयात इतरांपेक्षा आधी आणि जास्त खुली झाली. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित विद्यापीठाने आपले अभ्याससाहित्य सर्वांना मोफत उपलब्ध करण्याची घोषणा एप्रिल २००१ मध्ये केली, आणि आज उत्तमोत्तम प्राध्यापकांची व्याख्याने कोणीही घरबसल्या पाहू शकतो. नोकरीच्या मुलाखतीतही उमेदवाराला समोर बसवून प्रश्न सोडवायला लावतात, त्याने लिहिलेला कोड वाचतात. तेव्हा महाविद्यालयाकडून ज्ञान विकत घेण्याची गरज या विषयात सर्वांत कमी, असे कोणी म्हणेल. ते अर्धे खरे आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचण्यापूर्वी अर्जांचा ढीग चाळला जातो आणि त्या चाळणीत नाव अजूनही मोजले जाते. पहिल्या नोकरीनंतर मात्र त्याचा प्रभाव झपाट्याने ओसरतो, असे माझ्या विद्यार्थ्यांच्या वाटचालीवरून मला वाटते. आणि व्याख्यान मोफत मिळाले तरी रात्री अकरा वाजता तुमच्या प्रोग्राममधली चूक शोधायला शेजारी बसणारा मित्र मोफत मिळत नाही. ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये डार्टमाउथ महाविद्यालयातल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा नेमलेल्या खोलीसोबत्यांचा अभ्यास केला, त्यात सोबत्याचा परिणाम गुणांवर झाल्याचे दिसले, पण मुख्य विषयाच्या निवडीवर तो दिसला नाही. सोबत कोण असेल याला मोल आहे, आणि नामांकित महाविद्यालयाच्या बाजूने करता येण्याजोगा सर्वांत सबळ युक्तिवाद मला तोच वाटतो. त्याची दुसरी बाजू जेम्स डेव्हिस या समाजशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच बेडकांच्या डबक्याची उपमा देऊन मांडली होती: मोठ्या डबक्यातल्या लहान बेडकाला आपण लहानच आहोत असे वाटू लागते आणि तो आपल्या आकांक्षा आवरत्या घेतो. कोणते मूल कोणत्या डबक्यात फुलेल हे क्रमवारी सांगू शकत नाही. आईवडील, जरा शांतपणे विचार केला तर, बहुधा सांगू शकतात.

कर्जाचे म्हणाल तर जेसी रॉथस्टीन आणि सिसिलिया राउस यांनी २०११ मध्ये एका अत्यंत निवडक विद्यापीठाने कर्जांऐवजी अनुदान द्यायला सुरुवात केल्यावर काय झाले ते पाहिले. कर्ज असलेले पदवीधर जास्त पगाराच्या नोकऱ्यांकडे वळत होते आणि लोकोपयोगी पण कमी पगाराच्या कामांपासून दूर राहत होते. म्हणजे कर्जाने पगार घटला नाही, निवड घटली. संगणकशास्त्रात याचा अर्थ असा की, पदवीनंतर संशोधनाकडे वळणे, नव्या छोट्या संस्थेत कमी पैशांत दोन वर्षे शिकणे, किंवा पहिल्याच नोकरीत काम बेचव निघाले तर ती सोडणे, यांतले काहीही हप्ता सुरू असताना सहज जमत नाही. नामांकित महाविद्यालयाने उघडलेली दारे त्याच महाविद्यालयाच्या कर्जाने पुन्हा लोटली जाऊ शकतात, आणि हा हिशेब प्रवेशाच्या गडबडीत कोणी मांडत नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक विनंती आहे. प्रवेशाच्या हंगामात आपल्या पुरवणीत महाविद्यालयांच्या जाहिराती असतात, शिष्यवृत्त्यांच्या घोषणा असतात, एखाद्या विद्यार्थ्याला मिळालेल्या सर्वाधिक पगाराचा आकडा ठळक टाइपात असतो. त्या एका पगारावरून बाकीच्या वर्गाविषयी काहीही कळत नाही, हे आपले वार्ताहर जाणतात. त्याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाला तीन आकडे विचारावेत आणि ते छापावेत: पहिल्या वर्षी ज्यांना शिष्यवृत्ती दिली त्यांच्यापैकी किती जणांकडे ती अंतिम वर्षापर्यंत राहिली; संगणकशास्त्रात प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी त्याच विषयात ठरलेल्या मुदतीत पदवी घेतली; आणि पदवीधरांना मिळालेल्या पगाराचा मध्यांक (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळाले तो आकडा) किती. जे महाविद्यालय उत्तर देणार नाही, त्याच्या नावापुढची जागा कोरी छापावी. समितीवर असताना यांतला पहिला आकडा मी माझ्या संस्थेकडे दोनदा मागितला होता. पहिल्यांदा तो संकलित केलेला नाही असे उत्तर आले. दुसऱ्यांदा उत्तर आले नाही.

आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका